‘कॅमल’ शब्दाचे मूळ कसे शोधावे

इंग्रजीतील ‘कॅमल’ हा शब्द संस्कृत ‘क्रमेलक’वरून आला, असे विधान पुष्कळदा वाचनात येते. दोन्ही शब्दांचा अर्थ उंट, दोन्हींत क, म, ल ही व्यंजने त्याच क्रमाने आलेली, आणि संस्कृत तर प्राचीन भाषा. एवढ्या सामग्रीवर निकाल लावलेला असतो. खरा प्रकार याच्या उलट आहे. ‘क्रमेलक’ हाच शब्द पश्चिमेकडून संस्कृतात आलेला असून ‘कॅमल’ त्याचा मुलगा नव्हे, दूरचा भाऊबंद आहे. हे कसे ठरवतात, कोणत्या पुराव्याला किती वजन द्यायचे आणि कोठे हात आवरायचा, याची रीत पुढे याच एका शब्दावर चालवून दाखवली आहे. हा शब्द निवडण्याचे कारण असे की, व्युत्पत्ती शोधताना माणूस जितक्या प्रकारांनी फसतो, त्यांपैकी बहुतेक प्रकार या उंटाच्या वाटेवर भेटतात.

आधी अर्थ निवडून घ्यावेत

मूळ शोधायला बसण्यापूर्वी शब्दाचे सगळे चालू अर्थ कागदावर उतरवावेत आणि त्यांतला मूळचा कोणता व त्यावरून निघालेले कोणते, याची वाटणी करावी. शोध मूळ अर्थाच्या शब्दाचा घ्यायचा असतो. निघालेल्या अर्थांनाही इतिहास असतो, पण तो वेगळ्या रकान्यात लिहायचा.

‘कॅमल’चा मूळ अर्थ अर्थातच प्राणी. त्यातही एका वशिंडाचा अरबी उंट आणि दोन वशिंडांचा बॅक्ट्रियन उंट असा भेद आहे. हा भेद ॲरिस्टॉटलनेही नोंदवला होता. प्राणी-वनस्पतींचे वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने १७५८ साली दोन्हींना ‘कॅमेलस’ या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) ठेवले. बॅक्ट्रिया म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानातील बल्खच्या आसपासचा प्रदेश, तेव्हा ‘बॅक्ट्रियन’ हे विशेषण सरळ स्थलवाचक आहे. एका वशिंडाच्या वेगवान उंटाला इंग्रजीत ‘ड्रॉमेडरी’ असेही म्हणतात. त्या शब्दाकडे पुन्हा यावे लागेल, म्हणून तो बाजूला लिहून ठेवावा.

निघालेल्या अर्थांपैकी जहाजांचा अर्थ मला सर्वांत आवडतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस ॲमस्टरडॅमला जाणाऱ्या जड जहाजांची वाट पाम्पुस नावाच्या उथळ, गाळाच्या जागेवर अडत असे. त्यावर काढलेली युक्ती अशी होती: जहाजाच्या पोटाच्या वळणाशी एक बाजू जुळेल अशा दोन प्रचंड पोकळ लाकडी पेट्या तयार करायच्या, त्यांत पाणी भरून त्या बुडवायच्या, जहाजाच्या दोन्ही अंगांना दोरखंडांनी घट्ट बांधायच्या आणि मग आतले पाणी उपसून काढायचे. पेट्या वर येऊ लागल्या की मध्ये बांधलेले जहाजही त्यांच्याबरोबर उचलले जाई आणि उथळ पाण्यावरून ओढून नेता येई. खाली बसून ओझे घेणारा आणि ते घेऊन उठणारा उंट डोळ्यांपुढे आणला, तर डच लोकांनी या पेट्यांना उंटाचे नाव का दिले असेल हे सांगावे लागत नाही. इंग्रजीनेही तो अर्थ घेतला, आणि धक्का व जहाज यांच्यामध्ये तरंगत ठेवण्याच्या ओंडक्याला किंवा तराफ्याला नौदलाच्या भाषेत आजही ‘कॅमल’ म्हणतात.

बाकीचे अर्थ लवकर आटोपतात. पहिल्या महायुद्धात १९१७ साली वापरात आलेल्या सॉपविथ कंपनीच्या लढाऊ विमानाला ‘कॅमल’ हे नाव मिळाले, कारण त्याच्या पुढच्या भागात मशीनगनवर बसवलेले आवरण वशिंडासारखे दिसे. संगणकाच्या आज्ञावलीत अनेक शब्द जोडून, मधल्या प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे लिहिण्याच्या पद्धतीला ‘कॅमल केस’ म्हणतात, तेथेही रूपक वशिंडाचेच. फिकट तपकिरी रंगाचा अर्थ उंटाच्या लोकरीवरून आला.

मराठी ‘उंट’ या शब्दाचीही अशीच वाटणी करावी. बुद्धिबळात तिरके चालणाऱ्या मोहऱ्याला आपण उंट म्हणतो. अरबीत त्याच मोहऱ्याला हत्तीचे नाव आहे आणि इंग्रजीत धर्मगुरूचे. मोहऱ्यांची नावे खेळाबरोबर प्रवास करताना बदलत गेली, त्यामुळे प्राण्याच्या नावाच्या व्युत्पत्तीत त्यांचा पुरावा म्हणून उपयोग नाही. वाक्प्रचारांबाबत जरा अधिक डोळसपणा लागतो. ‘उंटावरचा शहाणा’ आणि ‘उंटावरून शेळ्या हाकणे’ हे अस्सल मराठी आहेत. ‘उंटाच्या पाठीवरची शेवटची काडी’ हे मात्र इंग्रजीचे भाषांतर आहे. दोन्ही प्रकार एकाच यादीत लिहिले, तर मराठी माणसाने उंटाकडे कसे पाहिले याचे चित्र बिघडते.

एका वेळी एकच पायरी मागे जावे

अर्थ ठरल्यावर कोशाकडे वळावे. व्युत्पत्तिकोशातील नोंद वाचताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. ‘पासून’ असे म्हटले असेल, तर कोशकाराला शब्दाची वाट माहीत आहे असा अर्थ होतो. ‘तुलना करा’ म्हटले असेल, तर त्याला फक्त नाते दिसले आहे, दिशा नाही. एखाद्या रूपापुढे तारका असेल, तर ते रूप कोठेही लिहिलेले सापडलेले नसून तर्काने उभे केलेले आहे. या तीन खुणा न पाहता नोंद वाचणारा माणूस तर्काला पुरावा समजतो आणि नात्याला वंशावळ.

दुसरा नियम असा की, आजच्या रूपावरून एकदम सर्वांत जुन्या रूपावर उडी मारू नये. इंग्रजीतला ‘कॅमल’ घेऊन थेट हिब्रू किंवा संस्कृत गाठण्याआधी मधली प्रत्येक पायरी पाहावी. जुन्या इंग्रजीत हा शब्द लॅटिनमधून आला आणि पुढे फ्रान्सहून आलेल्या नॉर्मनांच्या काळात उत्तर फ्रान्समधील ‘कामेल’ या रूपाने त्याला बळ मिळाले. ‘उत्तर फ्रान्समधील’ हे कशावरून, असे विचारले पाहिजे. लॅटिनमधील शब्दारंभीच्या ‘का’चा मध्य फ्रान्सच्या बोलीत ‘चा’ झाला आणि आधुनिक फ्रेंचमध्ये ‘शा’. उत्तरेच्या बोलीत तो ‘का’च राहिला. म्हणून किल्ल्याला इंग्रजीत ‘कॅसल’ आणि फ्रेंचमध्ये ‘शातो’, आणि तसेच उंटाला इंग्रजीत ‘कॅमल’ व फ्रेंचमध्ये ‘शामो’. दोन जोड्या एकाच नियमाने वागतात, तेव्हा तो योगायोग राहत नाही. व्युत्पत्तीत एका शब्दाच्या साम्यापेक्षा नियमाने जुळणाऱ्या दोन जोड्यांना कितीतरी अधिक किंमत असते.

लॅटिनमध्ये ‘कामेलुस’, त्याच्या मागे ग्रीकमध्ये ‘कामेलोस’. येथे एक दुर्मीळ साक्षीदार मिळतो. रोमन विद्वान वॅरो याने इ.स.पू. पहिल्या शतकात लॅटिन भाषेवर लिहिताना स्पष्ट नोंदवले आहे की, उंट हा आपले सीरियन नाव घेऊनच लॅटिन प्रदेशात आला. जुन्या काळच्या लेखकांच्या व्युत्पत्ती बहुधा कल्पनेच्या भराऱ्या असतात आणि वॅरोही त्यातून सुटलेला नाही. परंतु परका प्राणी परक्या नावासह आल्याची त्याची ही नोंद इतर पुराव्यांशी जुळते, म्हणून ती घ्यावी.

ग्रीकच्या मागे सेमिटिक भाषांचा समूह उभा आहे. हिब्रूत ‘गामाल’, प्राचीन मेसोपोटेमियातील अक्कड भाषेत ‘गम्मालु’, अरबीत ‘जमल’, आणि इथिओपियातील अम्हारिकमध्ये ‘गिमेल’. अरबीतला ‘ज’ येथे अडचण वाटतो, पण ती अडचण नसून पुरावा आहे, कारण इतर सेमिटिक भाषांतील ‘ग’च्या जागी अरबीत नियमाने ‘ज’ येतो. कैरोच्या बोलीत तर आजही ‘ग’च उच्चारतात; म्हणून जे नाव इतरत्र ‘जमाल’ असे लिहिले जाते, ते इजिप्तच्या अध्यक्षांच्या नावात ‘गमाल’ अब्देल नासर असे ऐकू येते.

आता दिशा ठरवायची. सेमिटिकमधून ग्रीकमध्ये, की ग्रीकमधून सेमिटिकमध्ये? त्यासाठी तीन प्रश्न विचारावेत. प्राणी कोठे राहतो? अरबी उंट अरबस्तानच्या कोरड्या प्रदेशाचा, ग्रीसचा नव्हे. लेखी उल्लेख कोठे आधी सापडतो? अश्शूरचा राजा तिसरा शाल्मनेसर याने इ.स.पू. ८५३ मधील कारकारच्या लढाईचा जो शिलालेख कोरवला, त्यात गिंदिबू नावाच्या अरब सरदाराने १,००० उंट आणल्याचा उल्लेख आहे. ग्रीक वाङ्मयात उंट ठळकपणे दिसू लागतो तो इ.स.पू. पाचव्या शतकात, इतिहासकार हिरोडोटसच्या काळात. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: शब्दाचे कुटुंब कोणत्या भाषेत आहे? सेमिटिकमध्ये बहिणी-बहिणींच्या घरी तो नियमबद्ध रूपांत नांदतो, तर ग्रीकमध्ये तो एकटा आहे, त्याला ग्रीक धातू नाही आणि सोयरेही नाहीत. ज्या घरात शब्दाचे नातेवाईक नाहीत, त्या घरी तो पाहुणा म्हणून आलेला असतो.

सेमिटिकच्याही मागे जाण्याचा मोह होतो. काही कोश ‘जमल’चा संबंध ओझे वाहण्याच्या अर्थाच्या अरबी क्रियापदाशी ‘कदाचित’ या शब्दासह जोडतात. तो ‘कदाचित’ आपल्या टिपणातही जसाच्या तसा उतरवावा; तो गाळला, की एका कोशकाराची शंका दुसऱ्या वाचकाचे ज्ञान होऊन बसते.

युरोपातील जर्मानिक भाषांत मात्र एक गंमत घडली. त्यांतल्या जुन्या गॉथिक भाषेच्या भाषकांनी उंटाला ‘उल्बांदुस’ म्हटले. हा शब्द ‘एलेफंट’च्याच मुळाचा, म्हणजे हत्तीचा आहे. जुन्या इंग्रजीतील बायबलच्या भाषांतरातही उंटासाठी ‘ओल्फेंड’ हे त्याच जातीचे रूप आहे. गॉथिकमधून ते स्लाव भाषांत गेले, म्हणून रशियन आजही उंटाला ‘वेरब्ल्यूद’ म्हणतात. दूरदेशीच्या दोन मोठ्या प्राण्यांपैकी एकाचे नाव, दोघांशीही फारशी ओळख नसलेल्या लोकांच्या तोंडी, दुसऱ्याला चिकटले. तेव्हा शब्दाचा माग काढताना अर्थ वाटेत घसरला तर नाही ना, हेही प्रत्येक पायरीवर तपासावे.

उलट दाव्याची परीक्षा

आता ‘क्रमेलक’ची परीक्षा घेऊ. दावा खरा असेल, तर चार गोष्टी दिसायला हव्यात.

पहिली, शब्द संस्कृतात प्राचीन असायला हवा. तो तसा नाही. ऋग्वेदात आढळतो तो ‘उष्ट्र’; आठव्या मंडलातील दानस्तुतीत चेदी कशूने शंभर उष्ट्र आणि दहा हजार गाई दिल्याचे म्हटले आहे. त्या ‘उष्ट्र’चा अर्थ तेथे उंट, की वशिंडाचा बैल किंवा महिष, यावर अभ्यासकांत वाद आहे, पण शब्द तोच आहे. ‘क्रमेलक’ हा नंतरच्या अभिजात संस्कृतातला पाहुणा. अमरकोशात तो ‘उष्ट्रे क्रमेलकमयमहाङ्गाः’ असा ‘उष्ट्र’च्या पर्यायांत बसवलेला सापडतो.

दुसरी, लोकांच्या बोलीत त्याचे वंशज असायला हवेत. ‘उष्ट्र’चे वंशज मराठीपासून हिंदीपर्यंत घरोघर आहेत. ‘क्रमेलक’ मात्र कवींच्या आणि कोशकारांच्या पानांतच राहिला.

तिसरी, ‘र’चा हिशेब लागायला हवा. ‘क्रमेलक’मधून ‘कामेलोस’ झाला असे मानले, तर ग्रीकांनी ‘र’ का टाकला हे सांगावे लागेल, कारण ‘क्र’ने सुरू होणारे शब्द ग्रीकमध्ये भरपूर आहेत आणि त्यांना तो उच्चार मुळीच अवघड नव्हता. उलट दिशेने पाहिले, तर हिशेब सहज लागतो: परका, अर्थशून्य ‘कामेल’ कानावर पडला आणि पाऊल टाकणे या अर्थाचा ‘क्रम्’ धातू जवळच होता; लांब पावले टाकणाऱ्या प्राण्याच्या नावात तो शिरला. अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचा आकार देण्याची ही खोड सर्व भाषांना आहे आणि तिला लोकव्युत्पत्ती म्हणतात.

चौथी, सेमिटिक रूपांचा उलगडा व्हायला हवा. ‘गामाल’, ‘गम्मालु’ आणि ‘जमल’ ही ‘र’शिवायची, ‘ग’ची, आपसांत नियमाने जुळणारी आणि कितीतरी जुनी रूपे संस्कृतातून कशी निघाली, याचे उत्तर त्या दाव्यापाशी नाही.

याचा अर्थ संस्कृत आणि ग्रीक यांत नातेच नाही, असा मात्र मुळीच नाही. बाजूला लिहून ठेवलेला ‘ड्रॉमेडरी’ आता काढावा. तो ग्रीक ‘द्रोमास’, म्हणजे धावणारा, यावरून आला. ‘हिप्पोड्रोम’ आणि ‘सिंड्रोम’मधला ‘ड्रोम’ही तोच. संस्कृतात धावणे या अर्थाचा ‘द्रम्’ धातू आहे आणि कोशकार या दोघांना एकाच मूळ भाषेची लेकरे मानतात. येथे कोणी कोणाकडून घेतलेले नाही. दोघांना ते वारशाने मिळाले. एकाच प्राण्याच्या दोन नावांत एकीकडे उसनवारी आणि दुसरीकडे रक्ताचे नाते, असा प्रकार शिकवण्यासाठी मुद्दाम रचला असता, तरी इतका नीट जमला नसता.

‘उंट’ची वाट

मराठी शब्दाचा माग काढताना हाताशी तीन साधने असावीत: मराठीसाठी मोल्सवर्थचा कोश, संस्कृतसाठी मोनियर-विल्यम्सचा आणि मधल्या पायऱ्यांसाठी टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश. पहिल्यात शब्द कसा वापरला जात होता ते कळते, दुसऱ्यात तो आधी कोठे होता ते, आणि तिसऱ्यात तो कोणत्या रस्त्याने आला ते.

‘उष्ट्र’चा प्राकृतात ‘उट्ट’ झाला आणि ‘उट्ट’चा ‘उंट’. पहिल्या पायरीवरच एक खडा लागतो. संस्कृतातील ‘ष्ट’चा प्राकृतात सहसा ‘ट्ठ’ होतो, म्हणजे ‘ट’ महाप्राण होतो: ‘अष्ट’चा ‘अट्ठ’ व पुढे ‘आठ’, ‘मुष्टि’चा ‘मुट्ठि’ व पुढे ‘मूठ’. त्या न्यायाने ‘उष्ट्र’चा ‘ऊठ’ व्हायला हवा होता. तो झाला नाही, आणि बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात हाच नियम सांगताना ‘उष्ट्र’, ‘इष्टा’ आणि ‘संदष्ट’ हे तीन शब्द अपवाद म्हणून नावानिशी वगळले आहेत. ‘इष्टा’ म्हणजे वीट. आता आपल्या बोलीकडे पाहावे: आपण ‘वीठ’ म्हणत नाही, ‘वीट’ म्हणतो. हिंदीत ‘ऊँट’ आणि ‘ईंट’ असे दोन्ही शब्द अनुनासिक होऊन शेजारी उभे आहेत; मराठीने ‘उंट’मध्ये अनुस्वार घेतला आणि ‘वीट’मध्ये घेतला नाही. नऊशे वर्षांपूर्वी एका वैयाकरणाने नोंदवलेला अपवाद आज रोजच्या बोलण्यात तपासून पाहता येतो, याचे मला प्रत्येक वेळी नवल वाटते.

‘उष्ट्र’च्या मागे जाताना दोन उत्तरे भेटतात आणि ती निरनिराळ्या प्रकारची आहेत. संस्कृत परंपरा त्याचा संबंध जळणे या अर्थाच्या ‘उष्’ धातूशी लावते. आधुनिक भाषाशास्त्र शेजारच्या घरात डोकावते: पारशी धर्मग्रंथांच्या अवेस्ता भाषेत ‘उश्त्र’ म्हणजे उंटच, आणि ‘जरथुश्त्र’ या नावाचा उत्तरार्ध तोच आहे. म्हणजे हा शब्द भारतीय आणि इराणी शाखा वेगळ्या होण्यापूर्वीचा असला पाहिजे. त्या दोन शाखांबाहेर त्याला खात्रीचे नातेवाईक नाहीत, त्यामुळे काही अभ्यासक तो मध्य आशियातील एखाद्या लुप्त भाषेकडून घेतलेला मानतात. टिपणात दोन्ही मते लिहावीत, पण एक परंपरेचे विवरण आहे आणि दुसरे तुलनेचे अनुमान, हे सांगूनच.

इराणी बाजूचा ‘उश्त्र’ फारसीत ‘उश्तुर’ आणि ‘शुतुर’ झाला आणि त्या रूपानेही मराठीच्या दारी आला. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांच्या यादीत उंटांच्या खात्याला ‘उष्टरखाना’ म्हटलेले आढळते. म्हणजे एकाच मुळाची तीन रूपे आपल्यापाशी आहेत: ‘उष्ट्र’ जसाच्या तसा घेतलेला, ‘उंट’ झिजून आलेला आणि ‘शुतुर’ परदेश फिरून आलेला. ‘क्रमेलक’ आणि ‘कॅमल’ ही दुसऱ्याच मुळाची जोडी. पाच शब्द, दोन मुळे. कागदावर दोन उभ्या रेघा ओढून ती वेगळी मांडली की गोंधळ उरत नाही. स्वारीसाठी वापरल्या जाणाऱ्या चपळ उंटिणीला मराठीत ‘सांडणी’ हा स्वतंत्र शब्द आहे आणि तिच्यावरून टपाल नेणारा तो सांडणीस्वार. त्याचा या दोन्ही मुळांशी संबंध नाही, तेव्हा तो तिसऱ्या कागदावर लिहावा.

फसव्या जागा

कॅमेलिया या फुलाचा उंटाशी काहीएक संबंध नाही. गेओर्ग योझेफ कामेल नावाच्या जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ लिनियसने ते नाव दिले. ‘कमेलिअन’, म्हणजे सरडा, हाही उंटाचा नातलग नव्हे; ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘जमिनीवरचा सिंह’ असा होतो. अरबी ‘जमाल’ या व्यक्तिनामाचा अर्थ उंट नसून सौंदर्य आहे; उंट तो ‘जमल’, ऱ्हस्व ‘म’चा. देवनागरीत एका कान्याचा फरक, पण अर्थात वाळवंटाएवढा. हिब्रू वर्णमालेतील तिसरे अक्षर ‘गिमेल’, ज्याच्यावरून ग्रीक ‘गामा’ आला, त्याच्या नावाचा संबंध उंटाशी परंपरेने लावतात. मूळ चित्र फेकून मारायच्या काठीचे असावे, असेही मत आहे. येथे निकाल न देणे हेच शहाणपणाचे.

याच्या उलट, जेथे उंट दिसत नाही तेथे तो लपलेलाही असतो. शहामृगाचे शास्त्रीय नाव ‘स्ट्रुथिओ कॅमेलस’ आहे, कारण ग्रीकांनी त्याला चिमणी आणि उंट यांचे जोडनाव दिले होते. फारसीनेही त्याला ‘शुतुरमुर्ग’, उंटपक्षी, म्हटले. मुर्ग म्हणजे पक्षी; ‘शहामृग’मधला ‘मृग’ तो हाच मुर्ग, मराठी कानाने हरणाच्या वळणावर नेलेला. मी स्वतः शाळकरी वयात शहामृग हे कसले हरीण, या विचारात बरेच दिवस काढले होते. जिराफाला ग्रीकांनी उंट आणि बिबट्या जोडून ‘कामेलोपार्दालिस’ म्हटले, आणि वॅरोने तो अलेक्झांड्रियाहून नुकताच आणल्याचे सांगताना आकार उंटासारखा व ठिपके त्या मार्जारकुळातील प्राण्यासारखे, असे नावाचे कारणही दिले आहे. त्याचे पुढचे टोक दक्षिण आफ्रिकेत सापडते. आफ्रिकान्स भाषेत जिराफाला ‘कामेलपेर्ड’, शब्दशः उंटघोडा, म्हणतात. जिराफ ज्या काटेरी झाडाचा पाला खातो ते ‘कामेलडोरिंग’. इंग्रजीत त्याचे भाषांतर ‘कॅमल थॉर्न’ झाले आणि ज्या झाडाशी उंटाचा संबंध नव्हता, त्याला उंटाचे नाव चिकटले.

जुन्या मजकुरात अर्थ लावताना

व्युत्पत्तीचा खरा उपयोग वाचताना होतो. श्रीमंताने ईश्वराच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणे सोपे, हे ख्रिस्ताचे वचन प्रसिद्ध आहे. ग्रीकमध्ये ‘कामेलोस’ म्हणजे उंट आणि ‘कामिलोस’ म्हणजे जाड दोर. नंतरच्या ग्रीकमध्ये ‘ए’ आणि ‘इ’ यांचे हे उच्चार एक झाले, आणि मूळ शब्द दोरच असावा असे काहींनी सुचवले. सुचवणे आकर्षक आहे, कारण दोर आणि सुई यांचे जमते. परंतु जुन्या हस्तलिखितांची मोठी संख्या उंटाच्या बाजूने आहे, दोराचे रूप थोड्या आणि उशिराच्या प्रतींत येते, आणि ज्यूंच्या तालमूद या ग्रंथात सुईच्या नेढ्यातून जाणारा हत्ती आहे. अशक्यतेची अतिशयोक्ती हाच वाक्याचा हेतू असेल, तर दोराने ती गुळगुळीत करण्याचे कारण नाही. मजकूर सोपा करणारे रूप समोर आले की, ते कोणीतरी सोपे करण्यासाठीच घातले नसेल ना, असे आधी विचारावे.

संस्कृतात असाच सापळा ‘करभ’ या शब्दात आहे. अमरकोश करभ म्हणजे उंटाचे पिल्लू असे सांगतो, आणि दुसरीकडे मनगटापासून करंगळीपर्यंतच्या हाताच्या बाहेरच्या कडेलाही करभ म्हणतो. काव्यात नायिकेला ‘करभोरू’ म्हटलेले असते, तेथे मांड्यांची तुलना हाताच्या त्या निमुळत्या, भरीव कडेशी केलेली आहे. घाईत कोश उघडणाऱ्याने पहिला अर्थ उचलला, तर नायिकेची काय अवस्था होते, ते सांगायला नको. आपला हात कडेवर उभा धरून पाहावा. उपमा तत्काळ पटते.

टिपण कसे लिहावे

शेवटी सगळे एका नोंदीत बसवायचे. आधी अर्थ, मूळचा पहिला. मग वाट, नजीकची पायरी आधी. मग जे फक्त तुलनेसाठी आहे ते वेगळे. आणि प्रत्येक अनुमानापुढे ‘बहुधा’ किंवा ‘कदाचित’. ‘कॅमल’ची नोंद माझ्या हातून अशी उतरते:

कॅमल. इंग्रजी नाम. १. उंट. २. जहाज उचलण्याच्या पोकळ पेट्या; पुढे धक्का व जहाज यांमधला तराफा. ३. फिकट तपकिरी रंग. लॅटिन ‘कामेलुस’पासून, नंतर उत्तर फ्रान्समधील ‘कामेल’चे बळ, लॅटिन शब्द ग्रीक ‘कामेलोस’पासून, ग्रीक शब्द सेमिटिक भाषांतून. तुलना करा: हिब्रू ‘गामाल’, अक्कड ‘गम्मालु’, अरबी ‘जमल’. सेमिटिक शब्दाचा ओझे वाहण्याच्या अर्थाच्या अरबी क्रियापदाशी संबंध कदाचित. संस्कृत ‘क्रमेलक’ बहुधा ग्रीकमधून घेतलेला, ‘क्रम्’ धातूच्या प्रभावाने ‘र’ आलेला. मराठी ‘उंट’ याच्याशी असंबद्ध, ‘उष्ट्र’ पाहा.